माद्रे म्हणजे आई, पण मेक्सिकोत नेमकं काय?

शेवंती:
नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून स्पॅनिश शिकते आहे. क्लासची दुसरी पातळी झाली, क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, समोरचा सावकाश बोलला तर समजतं. आमच्या कंपनीचा एक कारखाना मेक्सिकोत केरेतारोला आहे आणि दर मंगळवारी रात्री तिथल्या खरेदी विभागाबरोबर आमची ऑनलाइन मीटिंग असते. तिथल्या एक बाई, माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठ्या, दोन आठवडे रजेवर होत्या. त्यांची आई हॉस्पिटलात होती. परवा त्या परत कामावर आल्या. मीटिंग सुरू व्हायच्या आधी मी मुद्दाम स्पॅनिशमध्ये विचारलं, "कोमो एस्ता तू माद्रे?" तुझी आई कशी आहे? वाक्य पुस्तकातलं, व्याकरणही बरोबर.

क्षणभर कोणी काही बोललं नाही. त्यांच्याकडच्या एका तरुण मुलाने ओठ घट्ट मिटून खाली बघितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मि मामा या एस्ता मेहोर, ग्रासियास." माझी आई आता बरी आहे, आभारी आहे. 'मामा' या शब्दावर त्यांनी किंचित जोर दिला असं मला वाटलं.

पुढे त्याच मीटिंगमध्ये मालाचं वेळापत्रक जमलं, तेव्हा तोच मुलगा आनंदाने ओरडला, "आ तोदा माद्रे!" सगळे खूश. अर्ध्या तासाने एक ट्रक सीमेवर अडकल्याचं कळलं, तर कोणीतरी पुटपुटलं, "या वालिओ माद्रे." त्यावरही कोणी काही म्हणालं नाही.

एकाच तासात एकच शब्द तीनदा आला. आनंदाला चालला, वैतागाला चालला आणि खरोखरच्या आईची चौकशी करायला मात्र चालला नाही. त्या बाई मला फार आवडतात. मी त्यांना दुखावलं का? आणि मुळात हा शब्द आहे तरी काय? जाणकारांनी सांगावं.

चिमणपाखरं:
स्पॅनिश येत नाही, पण उत्सुकता आहे. वाचतेय.

निळा_आगावे:
शेवंती, आधी जीवाला घोर लावून घेऊ नका. मी नऊ वर्षं ग्वादालाहाराला राहिलो. तिथले लोक परदेशी माणसाच्या तोंडचं वाक्य ऐकताना त्याचा हेतू आधी बघतात. बाईंनी उत्तरात 'मामा' शब्द वापरून तुम्हाला हळूच बरोबर वाक्य दिलं. चारचौघांत चूक न दाखवता दुरुस्ती करण्याची ती तिकडची रीत आहे.

आता शब्दाकडे येतो. मेक्सिकोत सगळ्यात जड शिवी आईवरून आहे. त्या शिवीत एक क्रियापद असतं, ते इथे लिहीत नाही, आणि त्याच्यापुढे 'तू माद्रे'. भांडणात क्रियापद गिळलं तरी उरलेले दोन शब्द पुरेसे होतात. एकाने काही खोचक म्हटलं की दुसरा नुसतं 'तू माद्रे' म्हणून उलटवतो. त्यामुळे हे दोन शब्द कोणी सुटे उच्चारले की ऐकणाऱ्याचे कान आधीच टवकारलेले असतात. तुमच्या वाक्यात ते अगदी शेवटी आले, नेमके जिथे जोर पडतो तिथे.

या शिवीला तिकडे म्हणतात 'मेन्तार ला माद्रे'. शब्दशः अर्थ, आईचा उल्लेख करणे. बस, इतकंच. उल्लेख केला हाच अपमान.

तिथे मोटारीचा हॉर्न पाच वेळा एका विशिष्ट ठेक्यात वाजवला तरी तीच शिवी होते, कारण त्या वाक्यात पाच अक्षरं आहेत. शिट्टीनेही देतात. माझ्या पहिल्या महिन्यात सिग्नलवर मागच्या गाडीने तो ठेका वाजवला आणि माझ्या शेजारी बसलेला मित्र लालबुंद झाला. कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

आजगाव_तिठा:
'उल्लेख केला हाच अपमान' हे वाचून थबकलो. आपण मराठीत तरी वेगळं काय म्हणतो? "त्याने माझी आई काढली", "बापापर्यंत जाऊ नकोस". काढली म्हणजे काय केलं? तर बोलण्यात आणली. पुढचं कोणाला सांगावं लागत नाही.

आणि आमच्या सिंधुदुर्गात 'आयचो घो' आहेच. घो म्हणजे घोव, नवरा. अर्थ बघायला गेलं तर कोणाच्या तरी आईचा नवरा. पण आमचे आजोबा गळाला मोठा मासा लागला की म्हणायचे, पाऊस अचानक आला की म्हणायचे आणि नातवाने पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही म्हणाले होते. घरातल्या कोणाला ती शिवी वाटली नाही. तेच मुंबईत एका परक्या माणसाला म्हटलं तेव्हा मारामारीची वेळ आली.

तुंबाडी_पाऊस:
आयला, मायला, च्यायला. ही तिन्ही घ्या. यातली आई झिजून इतकी पुसट झाली आहे की आपण पोरांसमोर बोलतो. 'आईशप्पथ' तर शाळेतली मुलं दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. मेक्सिकोत हीच झीज झाली असणार.

निळा_आगावे:
झीज झाली, पण सगळीकडे सारखी झाली नाही. खरी गंमत तिथेच आहे. थोडं सविस्तर लिहितो.

'आ तोदा माद्रे' म्हणजे झकास, एकदम मस्त. 'नि माद्रेस' म्हणजे अजिबात नाही, नाव काढू नको. 'मे वाले माद्रे' म्हणजे खड्ड्यात गेलं, मला काय त्याचं. 'या वालिओ माद्रे' म्हणजे बट्ट्याबोळ झाला. तुमच्या ट्रकचं तेच झालं. 'आस्ता ला माद्रे' म्हणजे गळ्यापर्यंत आलं, आता सहन होत नाही; बस माणसांनी खच्चून भरली असेल तरी हेच म्हणतात. 'एसा माद्रे' म्हणजे ती वस्तू, जिचं नाव पटकन आठवत नाही. आपण पाना मागताना "ते हे दे रे" म्हणतो, तिथे मेकॅनिक 'एसा माद्रे' म्हणतो. 'माद्रासो' म्हणजे जबरदस्त दणका. 'माद्रीसा' म्हणजे बेदम चोप. 'देस्माद्रे' म्हणजे राडा, धुडगूस, किंवा रात्रभर चाललेली पार्टी.

आणि सगळ्यात अवघड जोडी. 'दे पोका माद्रे' म्हणजे अप्रतिम. 'के पोका माद्रे' म्हणजे काय निर्लज्ज माणूस आहे. 'पोका' म्हणजे थोडी. दोन्हींत थोडीशीच आई, आणि अर्थ दोन टोकांना. पहिला बाजारात जेवणाबद्दल ऐकला. दुसरा ऐकला तो एका विधवेचे पैसे बुडवणाऱ्याबद्दल, आणि म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज थरथरत होता.

मी माझ्यापुरती एक खूण ठरवली होती, तिने मला बहुतेक वेळा वाचवलं. शब्दाच्या आधी काय येतं ते बघायचं. 'मि माद्रे' किंवा 'नुएस्त्रा माद्रे', म्हणजे माझी किंवा आमची, असेल तर खरी आई. 'तू' किंवा 'सु', म्हणजे तुझी, तुमची, त्याची, असेल तर सावध व्हायचं, कारण शिव्या आणि धमक्या तिथे राहतात. आणि मालकी सांगणारा शब्दच नसेल, नुसतं आ, नि, आस्ता, एसा असं काही असेल, तर बहुतेक वेळा तिथे आई नसतेच.

शेवंती:
ही खूण वहीत लिहून घेतली. पुस्तकात 'माझे कुटुंब' या धड्यात माद्रे आणि पाद्रे पहिल्याच ओळीत आहेत. मामा हा शब्द चौकटीत, 'लहान मुले वापरतात' अशा टिपेसह. मी तो बालिश समजून कधी वापरलाच नाही.

आणि एक प्रश्न. पाद्रेचंही असंच आहे का? 'के पाद्रे' खूपदा ऐकते.

पॅशनफ्रूट:
पाद्रेचं सोपं आहे. 'के पाद्रे' म्हणजे काय भारी! आणखी आवडलं तर 'पाद्रिसिमो'. आणि हे मराठी माणसाला शिकवावं लागू नये, कारण आपण 'बाप' अगदी तसाच वापरतो. बाप गाणं, बाप बॅटिंग, बाप माणूस. नाम उचललं आणि विशेषण केलं. स्पॅनिशमध्ये 'पाद्रे' हे 'फार मोठा' या अर्थी जुनं आहे. 'उन सुस्तो पाद्रे' म्हणजे बाप भीती, मोठ्ठी भीती. मेक्सिकोने मोठेपणातून चांगुलपणाकडे नेलं.

आणि पाद्रे शब्द आपल्या घरात कधीचा येऊन बसलाय. पाद्री! पोर्तुगीज पाद्रे, तोच. चावी, साबण, पगार यांच्याबरोबर आलेला.

माझ्या मेक्सिकन रूममेटला मी 'बाप' शिकवला. तिने दुसऱ्याच दिवशी वरणभाताला वापरला आणि तो बरोबर बसला.

साधा_वाचक:
इथे थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. वरची पाद्रे-माद्रे यादी वाचली तर बाप म्हणजे भारी आणि आई म्हणजे राडा, चोप, बट्ट्याबोळ. हे आपण इतक्या कौतुकाने का शिकतोय? मी दोन मुलींचा बाप आहे. भाषा शिकताना शिव्या आधी शिकायच्या, मग त्यातली गंमत सांगायची, हे मला पटत नाही. शेवंतीताईंनी आईची चौकशी केली होती. त्यांचं वाक्य सुंदर होतं.

निळा_आगावे:
राग कशाला? तुमचा मुद्दा तिकडच्या बायकाही मांडतात आणि जोरात मांडतात. पण एक दुरुस्ती. पाद्रे सगळीकडे चांगला आणि माद्रे सगळीकडे वाईट असं नाही. 'पाद्रोते' म्हणजे बायकांचा दलाल, तो बापावरूनच आलाय. आणि 'आ तोदा माद्रे' हे कौतुक आहे. उत्तरेला मोंतेरेयमध्ये 'कॉन माद्रे', म्हणजे आईसकट, हे सर्वांत मोठं कौतुक.

शिकायचं का, याचं माझं उत्तर असं: ऐकून समजण्यासाठी शिकायचं. बोलायचं की नाही हे नंतर ठरवता येतं. मी पहिली तीन वर्षं यातला एकही शब्द तोंडातून काढला नाही.

कुंदाताई_शिक्षिका:
मी बावीस वर्षं स्पॅनिश शिकवते आहे. साधा_वाचक यांच्याशी मी निम्मी सहमत आहे. वर्गात मीही ही यादी फळ्यावर लिहीत नाही. पण विद्यार्थ्याला शब्दाचं अंगण दाखवायला हवं असं आता मनापासून वाटतं, कारण आम्ही शिक्षक ते दाखवत नाही आणि मग शेवंतीसारखी गुणी मुलगी मीटिंगमध्ये अडकते. दोष पुस्तकाचा आणि आमचा आहे, तिचा नाही.

आणि या शब्दाचं अंगण खूप मोठं आहे. नदीच्या पात्रालाही स्पॅनिशमध्ये माद्रे म्हणतात. पुराचं पाणी पात्र सोडून बाहेर आलं की 'सालिर्से दे माद्रे', आईच्या बाहेर पडणं. माणूस ताळतंत्र सोडून वागला तरी तेच. व्हिनेगरच्या तळाशी जो मऊ थर जमतो, ज्याच्या जोरावर पुढचं व्हिनेगर होतं, तीही माद्रे. आपण विरजण म्हणतो त्याच कुळातली कल्पना. मठातल्या जोगिणींना माद्रे म्हणतात. मेक्सिकोच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या डोंगररांगा म्हणजे सिएरा माद्रे, पूर्वेची आणि पश्चिमेची.

आणि वर ज्याला राडा म्हटलं तो 'देस्माद्रे' बघा. 'देस्माद्रार' हे गुराख्यांचं क्रियापद. वासराने किंवा कोकराने दूध पिऊ नये म्हणून त्याला आईपासून तोडणं. आईपासून तोडलेलं वासरू ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना तो गोंधळ, ती धडपड, ते हंबरणं सांगायला नको. मी खेड्यात वाढले. हा शब्द राड्यापर्यंत कसा पोचला ते मला गोठ्यात उभं राहून कळतं. ज्याला आपण सवंग बोली म्हणतो, त्यात कधीकधी फार जुनं दुःख असतं.

उच्चाराचं एक सांगते. 'द' आपल्या 'मुद्रा'तल्यासारखा पक्का नाही. जीभ दातांना नुसती स्पर्शून जाऊ द्या.

फार्सी_कट्टा:
माद्रे हा लॅटिन मातेर, मात्रेम वरून. संस्कृत मातृ, फारसी मादर, सगळी एकाच मुळाची. म्हणजे उत्तर भारतात मादर-ने सुरू होणारी जी शिवी आहे तिच्यातली आई आणि मेक्सिकोतल्या शिवीतली आई या शब्द म्हणूनही सख्ख्या बहिणी आहेत.

तुंबाडी_पाऊस:
हे डोक्यात आलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

माद्रिदकर_मिलिंद:
स्पेनमधून लिहितोय. इथे हे काही लागू नाही हेही नोंदवून ठेवा, नाहीतर वाचणारे उगाच घाबरतील. माद्रिदमध्ये शेजारीण मला दर आठवड्याला 'तू माद्रे' कशी आहे विचारते आणि तिच्या मनात शुद्ध माया असते. 'माद्रे मीया!' हा तर आमच्याकडचा 'अगं बाई' किंवा 'आई गं'. आज्या म्हणतात, पाद्री म्हणतात. शेवंतींचं पुस्तक बहुधा स्पेनमध्ये छापलेलं असणार. इथे ते वाक्य शंभर टक्के बरोबर आहे.

आणि 'माद्रासो' बद्दल. कोलंबियात त्याचा अर्थ दणका नव्हे तर शिवी. तिथे 'माद्रासो हाणला' म्हणजे आईवरून शिवी दिली. इथे स्पेनमध्ये ते सरळ आडनाव आहे, उच्चार मात्र माद्राथो. एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले चित्रकार फेदेरिको दे माद्राथो हे प्रादो संग्रहालयाचे संचालक होते. एकाच शब्दाचे तीन देशांत तीन अर्थ, म्हणून कोणत्या देशाची स्पॅनिश हे आधी विचारत जा.

कुंदाताई_शिक्षिका:
मिलिंद बरोबर सांगताहेत. शब्दकोशात अर्थाच्या आधी जी बारीक अक्षरं असतात ती वाचायची सवय लावा. देशाचं नाव, बोलीतला आहे का, कानाला खटकणारा आहे का, हे तिथे लिहिलेलं असतं. 'एल कोलेहिओ दे मेहिको' या संस्थेचा मेक्सिकन स्पॅनिशचा कोश इंटरनेटवर फुकट आहे, लुइस फेर्नांदो लारा यांच्या देखरेखीखाली झालेला. त्यात माद्रे शब्द काढून सावकाश वाचा. संध्याकाळ जाईल, पण सार्थकी लागेल.

साधा_वाचक:
कुंदाताई, वासराचं वाचून गप्प झालो. माझा मुद्दा सोडत नाही, पण ऐकतोय.

सातपुडा_सावली:
पाझ आठवले. ऑक्ताव्हिओ पाझ, मेक्सिकोचे कवी, 1962 ते 1968 दिल्लीत राजदूत होते. मेक्सिको सिटीत विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या गेल्या तेव्हा त्यांनी पद सोडलं. त्यांनी 1950 मध्ये एका निबंधात नेमकी हीच शिवी हातात घेतली आहे. ज्या आईचा शिवीत उल्लेख होतो ती कोण, असं ते विचारतात, आणि शोधत शोधत मालिन्चेपर्यंत जातात.

मालिन्चे म्हणजे 1519 मध्ये स्पॅनिश सेनापती कोर्तेसला इतर बायकांबरोबर भेट म्हणून दिलेली मुलगी. तिला नाहुआत्ल आणि माया या दोन्ही भाषा येत होत्या, नंतर ती स्पॅनिश शिकली आणि त्याची दुभाषी झाली. तिला त्याच्यापासून मुलगा झाला. मेक्सिकोत आजही परदेशी गोष्टींच्या मागे लागणाऱ्याला तिच्या नावावरून 'मालिन्चिस्ता' म्हणून हिणवतात. देऊन टाकलेल्या मुलीलाच फितूर ठरवलं. पाझ यांचं सगळं मला पटत नाही, पण साधा_वाचक यांचा प्रश्न त्यांनी टाळला नाही, एवढं खरं.

निळा_आगावे:
मला एक गोष्ट लिहायची होती, धागा तिथे पोचला आहे म्हणून आता लिहितो.

मार्च 2011 मध्ये क्वेर्नावाकाजवळ कवी हाविएर सिसिलिया यांच्या मुलाचा खून झाला. अमली पदार्थांच्या टोळ्या आणि सरकार यांच्या लढाईत तेव्हा हजारो माणसं मरत होती. सिसिलियांनी राजकारण्यांना आणि गुन्हेगारांना उद्देशून उघडं पत्र लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलं, 'एस्तामोस आस्ता ला माद्रे.' आमच्या गळ्यापर्यंत आलंय. ते श्रद्धाळू कॅथलिक. त्यांना सभ्य शब्द सापडले नसते असं नाही. मे महिन्यात ते क्वेर्नावाकाहून राजधानीपर्यंत चालत गेले, बरोबर शेकडो माणसं, आणि 8 मे रोजी सोकालो चौक भरला. फलकांवर तेच वाक्य. मी तेव्हा ग्वादालाहाराला होतो. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या बाईंनी, ज्या मुलांना 'असं बोलू नका' म्हणून रागवायच्या, त्यांनी पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने ते लिहून दुकानाला लावलं होतं.

त्या दिवसापासून मला 'हा शब्द सभ्य की असभ्य' असं कोणी विचारलं की तो पुठ्ठा आठवतो.

पॅशनफ्रूट:
आणि 10 मे. तिथे मातृदिन वार बघून ठरत नाही, 10 मे म्हणजे 10 मे, मंगळवार असो वा रविवार. 'एक्सेल्सिओर' या वर्तमानपत्राने 1922 मध्ये सुरुवात करून दिली. पहाटे घराबाहेर गाणी म्हणून आईला उठवतात, दुपारी हॉटेलांत जागा मिळत नाही. मेक्सिको सिटीत आईचं मोठं स्मारक आहे, 1949 चं. त्यावर कोरलंय, 'जिने आम्हाला ओळखण्याआधीच आमच्यावर प्रेम केलं तिला.' पुढे स्त्रियांच्या चळवळीने त्याखाली एक पाटी जोडली, 'कारण तिचं आईपण तिच्या इच्छेने होतं.' 2017 च्या भूकंपात मधला पुतळा कोसळला होता, तो पुन्हा उभा केला.

पण त्याच दिवशी रस्त्यावर आणखी एक मोर्चा असतो. ज्यांची मुलं बेपत्ता आहेत अशा आयांचा, गळ्यात मुलांचे फोटो. बेपत्ता माणसांची सरकारी नोंद 2022 मध्ये एक लाखाच्या पुढे गेली. या बाया फावडी आणि लोखंडी सळया घेऊन माळरानं उकरतात, पुरलेली हाडं शोधतात. त्यांना म्हणतात 'माद्रेस बुस्कादोरास', शोधणाऱ्या आया. त्यांना कोणी 'मामा' म्हणत नाही. तिथे माद्रे हाच शब्द. अर्जेंटिनात 1977 पासून पांढरे रुमाल बांधून प्लासा दे मायो चौकात फेऱ्या घालणाऱ्या बायकाही माद्रेसच.

घरातली ती मामा, आणि न्याय मागायला रस्त्यावर उतरली की माद्रे. मला ते असं दिसतं.

आजगाव_तिठा:
हे वाचल्यावर काय लिहावं कळत नाही. आमच्याकडे पिठोरी अमावास्येला मातृदिन. आई पाठीमागे वाण धरून विचारते, 'अतिथी कोण?' आणि मूल म्हणतं, 'मी.' त्या बायकांच्या मागे उत्तर द्यायला कोणी नाही.

शेवंती:
सगळ्यांची उत्तरं दोन-दोनदा वाचली. परवा पुन्हा मीटिंग आहे, 10 मेच्या आधीची शेवटची. बाईंना काय म्हणू? विषयच काढू नये का?

निळा_आगावे:
जरूर काढा. त्या वयाने मोठ्या आहेत, म्हणून 'तू' नको, 'सु' घ्या, आदराचं. आणि आजारी माणसाची चौकशी तिकडे 'कोमो सिगे' अशी करतात, पुढे कसं चाललंय. "कोमो सिगे सु मामा?" एवढंच. मामा म्हणताना जोर दुसऱ्या मा वर द्या. पहिल्यावर दिला तर अर्थ बदलून स्तन होतो.

फार आदराने बोलायचं असेल तर 'सु सेन्योरा माद्रे' असंही आहे, तुमच्या मातोश्री, पण ते पत्रात शोभतं. आणि ती मुलं मीटिंगनंतर आपापल्या आईचा उल्लेख 'मि हेफा' असा करताना ऐकलंत तर गोंधळू नका. हेफा म्हणजे साहेबीण.

कुंदाताई_शिक्षिका:
आणि शेवंती, यादीतलं काहीही वापरायची घाई नको. त्यांनी आपल्याशी तसं बोलायला सुरुवात केली की मग बघता येईल. आपण बाहेरून आलेल्या माणसाने पंगतीत आधी बसून घ्यावं, वाढायला नंतर उठावं.

शेवंती:
झालं एकदाचं. सगळ्यांना सांगायलाच हवं.

मीटिंगच्या आधी पाच मिनिटं मी आणि त्याच होतो. मी म्हटलं, "कोमो सिगे सु मामा?" त्यांनी चष्मा काढला. आई घरी आली आहे, चालता येत नाही, पण स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसते आणि मीठ कमी पडलं की ओरडते, असं सांगितलं. मग मला विचारलं, तुझी मामा कुठे असते? मी सांगितलं, सांगलीला. मराठीत 'मामा' म्हणजे आईचा भाऊ हेही सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

त्या दिवशीच्या वाक्याबद्दल मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, तू तिची आठवण ठेवलीस, बाकी शब्द येतील. मग थोडं थांबून म्हणाल्या, त्यांची एक मावसबहीण चौदा वर्षांपूर्वी हरवलेल्या मुलाला शोधते आहे आणि दर 10 मेला राजधानीत मोर्चाला जाते. यंदा बाईही तिच्याबरोबर जाणार आहेत. आई आजारी म्हणून जावं की नाही ठरत नव्हतं, पण आईनेच सांगितलं, जा.

तेवढ्यात बाकीचे आले. तो मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "लिस्ता?" तयार? मी म्हटलं, "लिस्ता." आणि त्याने बाईंना विचारलं, दोन्या (मोठ्या बाईंना आदराने असं म्हणतात), तुमची मामा कशी आहे?

चिमणपाखरं:
शेवंती, मोर्चाहून त्या आल्या की इथे नक्की लिहा. मी वाट बघते आहे.